आरणीच्या तळ्यातलं रान

रेवाने काचपट्ट्यांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "आई, उद्या दहाला बैठक आहे. त्याआधी तुमची सही झाली की संपलं."

"मोजून झालं की करते," मी म्हटलं.

"मोजायचं काय त्यात? यंत्राने मोजलंय सगळं. नियमात लिहिलंय म्हणून माणसाच्या डोळ्याखालून घालायचं, एवढंच."

रेवा माझी सून. डॉ. रेवा चौसाळकर, वय बत्तीस, आणि आरणीच्या तळ्याकाठच्या या सरकारी शिबिराची प्रमुख. मी तिच्या हाताखालची. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं परागकण मोजले आणि निवृत्त झाले. मग यंत्राचं वाचन माणसाने पडताळायचा नियम आला आणि मला परत बोलावणं आलं, कारण सूक्ष्मदर्शकावर बसून पराग ओळखणारं माणूस आता शोधूनही मिळत नाही. घरी मी सासू, इथे ती साहेब. दोघींनी ते आजवर नीट सांभाळलं होतं.

श्रावण सुरू होऊन आठवडा झाला होता आणि आभाळ कोरडं होतं. या वर्षी ते कोरडंच राहणार हे सगळ्यांना माहीत होतं. समुद्रात तरंगत ठेवलेली तापमापक केंद्रं तीन वर्षांपासून एकच सांगत होती: २०४१पासून मराठवाड्यावर सात वर्षं अपुरा पाऊस. पूर्वी हवामानखात्याचा अंदाज ऐकून लोक हसायचे. आता हसत नाहीत, अंदाज खरे होतात म्हणून. त्यामुळे सरकारने ठरवलं की एकतीस गावं उचलायची आणि जिथे पाणी टिकेल तिथे नेऊन वसवायची. बावीस हजार माणसं. प्रश्न एवढाच होता की पाणी टिकेल कुठे.

त्याचं उत्तर गाळात असतं. तळ्याच्या तळाशी दर वर्षी दोन पदर बसतात. पावसाळ्यात वाहून आलेली माती काळसर, उन्हाळ्यातली धूळ फिकी. काळा आणि फिका मिळून एक वर्ष. तळ्यात पोकळ नळी खोल दाबून वर काढली की आत गाळाचा लांब दांडा येतो. आम्ही त्याला कोअर म्हणतो. त्या दांड्यात शेकडो वर्षं एकावर एक रचलेली असतात आणि प्रत्येक वर्षात त्या वेळच्या झाडांच्या खुणा. पराग तर अगदी चिवट. काचेला खाणाऱ्या आम्लात मी आयुष्यभर गाळ उकळला, वाळू विरघळून गेली आणि पराग जसाच्या तसा उरला. एक पदर असा वाचायला मला आठवडा लागायचा.

रेवाचं यंत्र एका दिवसात अख्खा दांडा वाचतं. ते पराग बघत नाही, गाळात मुरलेल्या पानांचे, मुळांचे डीएनएचे तुकडे उचलतं आणि कोणतं झाड कधी काठावर होतं ते सांगतं. आरणीच्या दांड्यात तळाशी बारा वर्षांचे पदर होते, साधारण साडेसहाशे वर्षांपूर्वीचे. लोकांच्या तोंडी दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणून जो राहिला आहे, बरोबर त्या काळातले. आणि त्या बारा वर्षांत यंत्राला काठावर रान दिसलं होतं. अर्जुन, केवडा, पिंपळ. पाण्यात पाय सोडून उभी राहणारी झाडं. म्हणजे सगळा मुलूख जळत होता तेव्हा आरणीचं तळं भरलेलं होतं. त्या एका वाचनावर बावीस हजार माणसांचा मुक्काम ठरला होता. चारशे घरं आधीच येऊन राहिली होती. पहिला मोठा ताफा उद्या दुपारी घाट चढणार होता.

मी जप करावा तसे पराग मोजते, सावकाश, एकेक. नियम आहे तीनशे कणांचा. चांगल्या गाळात एका काचपट्टीवर तीनशे सहज होतात.

अकरा काचपट्ट्या झाल्या तेव्हा माझे सत्तेचाळीस झाले होते.

गवत. तण. धुळीबरोबर लांबून उडून येणारा बाभळीचा एखादा कण. अर्जुनाचा एकही नाही. पिंपळाचं मी सोडून देते, त्याचं फूल फळाच्या आतच राहतं. पण केवड्याचा नर तुरा नुसता हलला तरी पिवळी भुकटी उडते. केवड्याचं बन काठावर असतं तर गाळ पिवळा व्हायला हवा होता. मी शेवटच्या काचपट्टीवर परत गेले. नाहीच.

मी यंत्राची यादी मागवून घेतली. त्या बारा वर्षांत सापडलेली सगळी नावं, शास्त्रीय भाषेत. आधी गवतं आणि शेवाळं होती, ती बाजूला केली. मग बोट ठेवत वाचू लागले. माका. बेल. बोर. धोत्रा. शमी. आघाडा. डोरली. कण्हेर. डाळिंब.

डाळिंब रानात?

पुढे मरवा होता. मरवा कुंडीत लावावा लागतो, रोज पाणी घालावं लागतं, दोन दिवस विसरलं तर मान टाकतो. मी चष्मा काढून पुसला. त्याच्या पुढे जाई, केवडा, अगस्ती. मी मोजले, एकोणीस झाले; बाजूला केलेल्या गवतांतली दूर्वा धरून वीस. यादीच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, यंत्राने स्वतःच रद्द केलेली: देवदार, या भागात अशक्य, बाहेरची भेसळ समजून वगळले.

एकवीस.

दर भाद्रपदात चतुर्थीच्या आदल्या दिवशी ही यादी घेऊन मी टेकडीवर जाते. लग्न झाल्यापासून एकदाही बाजारातून जुडी आणलेली नाही, एकेक पान स्वतः खुडते, आणि दुसऱ्या दिवशी एकेक नाव घेऊन गणपतीला वाहते. देवदार मिळत नाही म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून त्याचा तुकडा आणते.

हे रान नव्हतं. ही पत्री होती.

*

रेवाने माझं सगळं ऐकून घेतलं. मधे बोलली नाही, एवढं तिचं मोठेपण. मग पाण्याची बाटली उघडली, प्यायली नाही, तशीच बंद केली.

"म्हणजे मूर्तीबरोबर विसर्जन केलेली पानं?"

"हो."

"आई, यादीत साठ नावं आहेत. तुम्ही त्यातली तुम्हाला हवी ती एकवीस उचललीत."

"उरलेली सगळी गवतं आणि शेवाळं आहेत ग. झुडूप म्हणशील, झाड म्हणशील, तर हीच. एक जास्त नाही, एक कमी नाही."

"योगायोग असू शकतो."

"असेल. पण पराग कुठे आहेत? पानं आहेत आणि पराग नाहीत. झाड पानं गाळतं आणि बारा वर्षं फुलत नाही, असं कधी बघितलंयस? फांद्या कुणीतरी खुडून आणल्या, रेवा. पराग जिथे झाड होतं तिथे राहिले."

हे तिला लागलं. तिच्या कपाळावरची शीर मला दिसली. पण ती हुशार आहे, पटकन दुसऱ्या बाजूने आली.

"ठीक आहे, विसर्जन म्हणू. विसर्जन कशात करतात? पाण्यातच ना? म्हणजे पाणी होतं! उलट माझाच मुद्दा सिद्ध झाला."

मी म्हटलं, "मला एकेक वर्ष सुटं करून दाखव."

"नाही दाखवता येणार. यंत्र बारा वर्षांची सरासरी काढतं. एका वर्षाच्या गाळात डीएनए इतका कमी असतो की वाचनात चुका फार. सरासरी हीच तर माझी पद्धत आहे. त्यासाठीच तर हे यंत्र निवडलं त्यांनी."

"परत चालवता येईल ना? पदर सुटे करून?"

"दहा-बारा तास लागतील. आणि कशासाठी? तुमच्या पूजेच्या ताटावरून बावीस हजार माणसांचं ठरवायचं?" तिचा आवाज चढला तशी बाहेरची दोन पोरं वळून बघायला लागली. तिने आवाज खाली आणला. "उद्या मी तिथे उभी राहून काय सांगू? माझ्या सासूबाईंचा नेम आहे म्हणून? आणि लोक काय म्हणतील कळतंय ना तुम्हाला? सुनेचं चांगलं झालेलं बघवलं नाही."

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

मला स्वतःचाच आवाज परका वाटला. मी आजवर कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं नाही.

"मग मी वेगळा माणूस आणून सही घेईन," रेवा म्हणाली. "नियमात तेही आहे." आणि निघून गेली.

*

चहा घ्यायचंही सुचेना. मी तळ्याकडे चालत गेले. शेषराव गव्हाणे तराफा काठाला ओढून बांधत होते. कोअर काढायला तराफा नेणारे, नळी धरणारे तेच. त्यांचं गाव पलीकडच्या खोऱ्यातलं, पहिल्या चारशे घरांत ते आले होते. दोन म्हशी विकून आले होते, पाण्याजवळ घर मिळतंय म्हणून.

"या ताई. आज लवकर सुट्टी?"

"शेषराव, नळी तिथेच का उतरवली? त्या खुणेच्या खांबाजवळ?"

"मग आनी कुठं उतरवावी? पाच जागी बघितलं की. सगळीकडं सा-सात फुटावर खट्ट! मुरूम. तितंच तेवढी सरकली खाली, सरकली ते बावीस फूट. म्याडम खूश. म्हनल्या, गाळ जास्ती तितं माहिती जास्ती." ते हसले. "म्या म्हनलो, म्याडम, ही हीर हाय का काय? आसं गोल न् गोल उतरतंय. तर म्हनल्या, शेषराव, विनोद नका करू."

मी काठावरच्या दगडावर बसले.

सगळीकडे सहा फुटांवर मुरूम आणि एकाच जागी बावीस. तळं आटत गेलं. आटलेल्या तळ्याच्या पोटात, सगळ्यांत सखल जागी माणसांनी खड्डा खणला. पाझरेल तेवढं पाणी घ्यायला. झिरा. दर वर्षी पाणी आणखी खाली गेलं असेल, दर वर्षी त्यांनी आणखी थोडं खणलं असेल, नाहीतर बाजूने कोरलं असेल. भाद्रपदात मूर्ती बुडवायला दुसरीकडे पाणीच नव्हतं. आणि साडेसहाशे वर्षांनी आम्ही तराफा घेऊन आलो आणि नळी बरोबर त्या खड्ड्यात उतरवली, कारण गाळ तिथेच जास्त होता.

"काय झालं ताई? चक्कर आली का?"

मी त्यांना सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, त्यांचंच आयुष्य होतं. त्यांनी दोरीची गाठ तीनदा सोडून तीनदा बांधली.

"म्हंजे हे तळं आटतंय म्हनता."

"तेव्हा आटलं होतं. माझी खात्री आहे, पुरावा नाही."

"म्हशी गेल्या माझ्या," ते म्हणाले. "ताई, एक सांगू का? आता नाही म्हनू नका. लोक ट्रंका बांधून बसल्यात. खरं आसंल तरी दोन वर्सं तरी पुरंल की पानी. दोन वर्सांत कायबी होतंय."

मी दगडावरून उठले. त्यांना वाईट वाटावं असं माझ्याकडून आणखी काही निघायला नको होतं.

तेवढ्यात माझ्या मुलाचा फोन आला. नचिकेत बंगळूरला असतो, पण बातमी त्याच्यापर्यंत माझ्या आधी पोचली होती.

"आई, काय चाललंय तिथे? रेवा रडत होती फोनवर."

"रडत होती?"

"चिडली की रडते ती, तुला माहितीये. हे बघ, सही कर ना. तिची चार वर्षं गेलीत त्या यंत्रात. आणि तुझं म्हणणं बरोबर असलं तरी यंत्रापेक्षा तुला जास्त कळतं असं कोण मानणार?"

"कुणी मानावं म्हणून नाही रे करत."

"मग कशासाठी?"

"सत्तेचाळीसच कण मिळाले मला, नचिकेत. तीनशे मोजले असं मी लिहू शकत नाही."

तो मग म्हणाला, "आई, तुझं ना, देवापुढेसुद्धा असंच असेल. एक फूल कमी पडलं तर त्याला सांगत असशील."

"सांगते," मी म्हटलं.

दिवेलागणीला मी देवापुढे बसले तेव्हा मन ठिकाणावर नव्हतं. मला एका गोष्टीची भीती वाटत होती. जी रोज देवाचंच बघते तिला सगळीकडे देवच दिसायचा. मी गाळ वाचला होता की माझंच ताट वाचलं होतं? सही न करणं हा अहंकार तर नव्हे? बाहेर चारशे घरांच्या चुली पेटल्या होत्या. मुलांचे आवाज येत होते. एक बाई कुणाला तरी ओरडून सांगत होती, हंडा काठोकाठ भर ग, इथं काय तोटा आहे.

*

बैठक शाळेच्या मोठ्या खोलीत होती. जिल्हाधिकारी तन्वी सोनकांबळे मधे बसल्या होत्या, एकतीस गावांचे सरपंच बाकांवर दाटीवाटीने, आणि मागे भिंतीला टेकून शेषराव. मी दाराशी उभी राहिले. सकाळपासून रेवा मला दिसली नव्हती. ती आली ती थेट पुढे गेली. कालचीच साडी, चुरगळलेली, केस नुसते गुंडाळलेले. मला वाटलं, वेगळा माणूस आणला असणार. मी तिच्या मागे बघितलं. कुणी नव्हतं.

"डॉक्टर, अहवाल पूर्ण आहे ना?" सोनकांबळेबाईंनी विचारलं. "सही दिसत नाही खाली. ताफा निघालाय."

"अहवाल मी मागे घेतेय," रेवा म्हणाली.

खोलीत कुजबुज उठली. एका सरपंचाने जोरात विचारलं, "म्हंजे?"

"माझ्या यंत्राने बारा वर्षांची सरासरी काढली होती. काल मला एका जाणकार व्यक्तीने सांगितलं, वर्षं सुटी कर. मी त्यांना नाही म्हटलं. आणि मग केली." तिने भिंतीवर यादी लावली. बारा ओळी. पहिली लांबलचक, खाली खाली आखूड होत गेलेली. ती यादी मीही तेव्हाच पहिल्यांदा बघत होते. "ही झाडं तळ्याच्या काठावर नव्हती. ही गणपतीला वाहिलेली पत्री आहे. आपण नळी जिथे उतरवली तो आटलेल्या तळ्यात माणसांनी खणलेला खड्डा आहे. मी वाचून दाखवते. वर्ष पहिलं. अकॅसिया, नाही, प्रोसोपिस..." ती अडखळली. तिने मान वर केली आणि सगळ्या खोलीवरून माझ्याकडे बघितलं. "आई, मला मराठी नावं येत नाहीत. तुम्ही वाचा."

मी पुढे गेले. एवढ्या माणसांपुढे मी कधी बोललेले नाही. शास्त्रीय नाव बघायचं आणि आपलं नाव म्हणायचं.

"पहिलं वर्ष. शमी, माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, मालती, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, अगस्ती."

बाकांवरची माणसं ऐकत होती. त्यांना प्रत्येक पान माहीत होतं.

"दुसरं वर्ष. सगळी आहेत. तिसरं वर्ष. मरवा नाही. जाई नाही."

"पानी घालायला नसंल," कुणीतरी पुटपुटलं.

"चौथं. केवडा नाही. देवदार नाही."

देवदार कुठून तरी व्यापारी आणत असणार, डोंगर ओलांडून. तो यायचा थांबला होता. हे मी मोठ्याने म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

"पाचवं वर्ष, चौदा पानं. डाळिंब गेलं, माका गेला, अगस्ती गेला. सहावं, अकरा. तुळस नाही." तुळस अंगणातली असते. स्वतःच्या तोंडचं पाणी थोडं तिला घालतात. "सातवं, नऊ. आठवं, सात. बेल, बोर, शमी, धोत्रा, आघाडा, पिंपळ, रुई. नववं, चार. दहावं, दोन. शमी आणि रुई."

"पुढं?" सोनकांबळेबाईंचा आवाज अगदी हळू होता.

"अकरावं वर्ष. एक. रुई."

शेळीसुद्धा खात नाही ते पान. सगळं जळालं तरी माळावर हिरवं राहतं. कुणीतरी ते खुडलं होतं, आटलेल्या तळ्यात उतरून त्या खड्ड्यापर्यंत नेलं होतं.

"बारावं वर्ष," मी म्हटलं. पुढे काहीच नव्हतं म्हणून थांबले.

"बाराव्या वर्षात फक्त धूळ आहे," रेवाने पुढे सांगितलं. "त्याच्या वर पावसाचा जाड गाळ. पाऊस परत आला. पण त्यानंतर साठ वर्षं इथल्या गाळात जोंधळा नाही. मी ते आधी रान वाढल्याची खूण म्हणून लिहिलं होतं. शेत करायला कुणी उरलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ."

मागे भिंतीजवळ शेषराव पुढे झाले. "म्याडम, मग आमी कुठं जावं?"

सोनकांबळेबाईंनी पुढ्यातला अहवाल पालथा ठेवला. "गोदावरीकाठी थोडे जातील, थोडे विदर्भात. एकत्र नाही ठेवता येणार. कुठे, ते मला आत्ता सांगता येत नाही, गव्हाणे. इथे नाही, एवढंच कळलंय." मग फोन उचलून त्यांनी ताफा घाटातच थांबवायला सांगितला. पलीकडून उत्तर आलं ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं. लोक ऐकत नाहीत साहेब, समोर तळं दिसतंय त्यांना, पोलिसांच्या अंगावर येतायत.

"पोलीस नगंत," शेषराव म्हणाले. माझ्याकडे बघितलं, त्या नजरेत माया नव्हती. "चला ताई. माझ्या भावकीतली मानसं हायत पुढच्या गाडीत. माझं ऐकत्याल. पन सांगायचं तुमी."

रेवा आमच्याबरोबर जीपमधे बसली. वळणावर जीप हिसकली तेव्हा तिने माझा दंड धरला आणि मग सोडलाच नाही.

घाटाच्या माथ्यावर ट्रक आडवे लागले होते. पहिल्या ट्रकच्या फाळक्याशी एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, मांडीवर शेळीचं करडू. मागे पत्र्याच्या पेट्या, गाद्या, लेकरं. तिच्या नजरेसमोर खाली आरणीचं तळं दुपारच्या उन्हात लखलखत होतं.

"शेषराव भावजी, काय झालं? का अडवलं?"

शेषरावांनी माझ्याकडे हात केला.

"इथे पाणी टिकणार नाही बाई," मी म्हटलं.

"आवं, भरलंय की! हितनं दिसतंय."

"दोन वर्षं दिसेल. मग आटेल."

"कोन म्हनतं? ते मशीन?"

"मशीन तर टिकेल म्हणत होतं," रेवा म्हणाली. "चुकलं ते. मीच चुकले."

बाईने रेवाकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. "मग तुमाला कुनी सांगितलं?"

"आधी इथे राहिलेल्यांनी."

"त्यांचं काय झालं?"

मी मुकाट्याने उभी राहिले असते तरी चाललं असतं. पण तिने सरळ विचारलं होतं. "थांबले ते इथेच," मी म्हटलं. "आज पडेल, उद्या पडेल म्हणत. अकरा वर्षं."

करडाने तिच्या पदराचं टोक तोंडात धरलं होतं. ते तिने सोडवलं, तळ्याकडे एकदा नीट बघून घेतलं, आणि तळहाताने ट्रकचा पत्रा दोनदा जोरात बडवला.

"वळीव रे," ती ओरडली. "वळीव गाडी."